गुरुवारचे तीन घाव

ईस्टरच्या आधीचा गुरुवार, पहाटेचे चार.
माझा बाप ग्रामितोन अंथरुणातून उठायचा,
कुणाशी न बोलता, चूळसुद्धा न भरता
थंड ऐरणीवर तीन घाव घालायचा
आणि परत येऊन झोपायचा.
भट्टी पेटलेली नसायची. लोखंडही नसायचं.
नुसता आवाज,
राचाच्या दरीत या लोहाराकडून त्या लोहाराकडे जाणारा.

डोंगराच्या पोटात एकाला बांधून ठेवलंय.
त्याचं नाव आमच्या घरात घेत नसत.
देवाशी ताकद लावायला गेला, म्हणे, आणि हरला.
त्याच्यापाशी एक कुत्रा आहे, गरुडाच्या घरट्यात जन्मलेला.
तो वर्षभर साखळी चाटतो.
चाटून चाटून कडी केसाएवढी होते,
आता तुटणार, आता तुटणार,
तेवढ्यात गुरुवार उजाडतो
आणि साखळी पुन्हा मनगटाएवढी.

"सुटला तर?" मी विचारायचे.
"सुटला तर आधी लोहारांना मारेल,"
बाप म्हणायचा. हसायचा नाही.

आता मी कुताइसीच्या बाजारात किल्ल्या बनवते.
दीड मीटरचा गाळा, एक मशीन,
आणि बापाची छोटी ऐरण,
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवलेली.

भाऊ, ओतिया, प्यायचा.
तसे इथे सगळेच पितात. द्राक्षं आमची, पाहुणे आमचे,
भरलेला पेला तसाच खाली ठेवणं म्हणजे अपमान.
पण ओतिया एकटा प्यायचा,
स्वयंपाकघरात, उभ्यानं, दिवा न लावता.

मला वाटायचं, मी लोहार.
बाटल्या मोरीत ओतल्या. कुलपं बदलली,
धंदाच माझा तो.
पण बेकरीच्या मालकाला फोनही मीच केला,
"ताप आहे हो त्याला."
वीस लारी. मग अजून वीस. "हे शेवटचे हं."
दारो मावशीच्या खिडकीची काच मी बसवून दिली,
आणि ज्या रात्री कुलूप बदललं त्याच रात्री
नवी किल्ली त्याच्या खिशात सरकवली.
थंडी होती.

सात महिने झाले त्याला सोडून.
रिओनीच्या पुलावर सूर्यफुलाच्या बिया सोलत
तो म्हणाला, "त्सीरा, तू लोहार नव्हतीस कधी.
तू तो कुत्रा होतीस."

दोन दिवस मी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी किल्लीला कानस मारताना
जिभेवर लोखंडाची चव आली.

कुत्र्याला कुणी काही विचारलं नव्हतं.
त्याला देव ठाऊक नाही, शाप ठाऊक नाही.
हे माझं माणूस, आणि हे त्याला टोचतंय,
एवढंच कळतं त्याला.
जीभ सोलून निघते, तरी.
बाप गोष्ट सांगताना इथे थोडा अडखळायचा.
मी तेव्हा त्याला झोप आली समजायचे.

"मग तू कोण? डोंगरातला?"
"छे. मी साखळी," ओतिया म्हणाला.
"रोज रात्री थोडी झिजणारी.
मला वर्षातला एक गुरुवार नाही पुरत.
मला मंगळवार लागतात."
(मंगळवारी शाळेच्या तळघरात ते बारा जण बसतात,
लहान मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी.)
"मग डोंगरात आहे तरी कोण?"
त्यानं टरफल थुंकलं. पाण्याकडे बघत राहिला.

यंदाच्या गुरुवारी चार वाजता
त्यानं ऐरण दारापासून ओढली, दार आपोआप मिटलं.
पहिला घाव. दुसरा.
तिसरा जरा तिरका बसला,
पण बसला.

बाहेर बाजारातला म्हातारा कुत्रा,
कानात नगरपालिकेचा पिवळा बिल्ला,
मान वर करून ऐकत होता.
मी अर्धी भाकरी तोडून त्याच्यापुढे टाकली.
ओतिया माझ्याकडे बघायला लागला.

"असा बघू नकोस," मी म्हटलं,
"हा कुत्राच आहे."